मास्तरांचं कार्ड

“अहो मास्तर, सुई अजून हातातच आहे आणि कार्डावर खूण करून मोकळे?” मी ओरडले.

“सिस्टर, आधी खडूची खूण, मग कात्री. चाळीस वर्षांची सवय ती. खूण केली की मग हात मागे घ्यायचा नाही.” मास्तरांनी पोटाची चिमूट धरली आणि इन्सुलिनची सुई अशी टोचली, जशी कुणाच्या सदऱ्याला गुंडी लावतायत.

ते शिंपी होते. दुकान गेलं, मग खोली गेली आणि मास्तर पुलाखाली आले. तिथंही अंथरुणाची घडी इस्त्री केल्यासारखी. सदऱ्याच्या आत त्यांनी सुयांसाठी एक चोरखिसा शिवला होता. माझ्या सव्वीस वर्षांच्या नोकरीत इतका शहाणा पेशंट मी पाहिला नाही. आणि मला मेलीला त्याचंच कौतुक होतं.

सकाळची सुई मी स्वतः पुलाखाली जाऊन माझ्यासमोर घ्यायला लावत असे. संध्याकाळची त्यांनी आपली आपण घ्यायची. बाटल्या समोरच्या औषधवाल्याच्या फ्रिजमध्ये. सुई घेतली की कार्डावरच्या त्या वेळच्या चौकोनात बरोबरची खूण करायची. ही शक्कल माझीच. विसरू नयेत म्हणून काढली होती. ऑफिसातल्या साहेबांना ती इतकी आवडली की त्यांनी तिला शेपूट जोडलं: महिन्यात दोन चौकोन रिकामे राहिले, तर मोफत इन्सुलिनच्या यादीतून नाव कमी.

“जेवण नाही, तर सुई नाही,” हे मी रोज घोकून घेत असे. पोटात अन्न नसताना सुई घेतली तर साखर झपाट्यानं उतरते आणि माणूस झोपेतच जातो.

“मग चौकोन रिकामा राहील,” मास्तरांच्या शेजारी पथारी टाकणाऱ्या अक्का म्हणाल्या. त्याही सुईवरच्याच.

“राहू द्या. मी बघते साहेबांकडे.”

पुलाखालच्याच एका दाढीवाल्याच्या वेळीही मी हेच म्हटलं होतं. त्याचे दोन चौकोन उपाशीपोटी रिकामे राहिले. मी साहेबांपुढं हात जोडले, तरी त्याचं नाव गेलं आणि पुढं सुईवाचून त्याचा पायही. साखर उतरली तर द्यायला ग्लुकोजच्या पुड्या मी तीनदा मागितल्या. यादीत बसत नाहीत, असं तिन्ही वेळा उत्तर आलं.

मंगळवार महिन्याचा शेवटचा दिवस. त्या दिवशी कुणी बडी असामी शहरात येणार म्हणून पुलाकडचा रस्ता बंद केला होता. संध्याकाळची फुकट जेवणाची गाडी आलीच नाही.

बुधवारी सकाळी मी पोचले तेव्हा मास्तर कुशीवर निजले होते. चादर मानेपर्यंत, नीट. अंग गार पडलेलं. मी छाती दाबत राहिले, कुणीतरी माझे हात धरेपर्यंत.

“रोजच्यासारखी त्यांनी आधी खूण केली,” अक्का सांगत होत्या. “गाडी येईल म्हणून सुई हातात धरून बसले. येईना. मी म्हटलं, झालीय ना खूण, राहू द्या आता, कोण बघतंय? तर म्हणाले, सिस्टरचं कार्ड आहे, त्यात खोटं कसं लिहू? खोडा म्हटलं, तर म्हणाले, एक चौकोन आधीच रिकामा गेलाय. टोचली आणि आडवे झाले. झोपच लागली असं वाटलं मला.”

एक खोटी खूण ठेवली असती, तर हा माणूस जगला असता. खोटं बोलायला मी शिकवलं नाही, हा माझा गुन्हा.

त्याच आठवड्यात महिन्याचे हिशेब झाले तेव्हा ऑफिसात कारकुनानं मास्तरांचं कार्ड उलटून पाहिलं. “व्वा! एकच चौकोन रिकामा. अहवालात ‘नियमित’मध्ये धरतो.”

“ते वारले.”

“हो, ते वेगळ्या रकान्यात येईल.” त्यानं शिक्का मारला. त्याच्या तोंडावर कार्ड फेकावंसं वाटलं. फेकलं नाही. माझ्या निवृत्तीला दोन वर्षं उरलीत, आणि मीही त्यांच्यातलीच.

दुसऱ्या दिवशी पुलाखाली अक्कांसमोर बसले. त्यांचं नवं कार्ड आणि पेन्सिल पुढं केली. इकडंतिकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला.

“अक्का, नीट ऐका. जेवण मिळालं नाही, तर सुई घ्यायची नाही. आणि खूण मात्र करायची. खोटी. कुणी विचारलं तर माझं नाव सांगा.”

अक्कांनी कार्ड गुडघ्यावर ठेवलं.

“मी पहिल्यापासून तेच करते, सिस्टर,” त्या म्हणाल्या. “मास्तरांना किती सांगितलं. त्यांना तुमची भीड पडायची.”

त्यांनी पेन्सिल घेतली. शेजारच्या रिकाम्या जागेवर मास्तरांची चादर अक्कांनी त्यांच्यासारखीच घडी करून ठेवलेली होती.