डावीकडचा ब्रेक

मी एक जुना ब्रेक आहे, मित्रांनो. पण तुमच्या घरच्या गाडीला असतो तो नव्हे. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी, डावीकडे, एक जादा ब्रेक असतो ना, तो मी. शिकणाऱ्याचं अगदीच चुकलं, तर शिकवणाऱ्याने मला दाबायचं आणि गाडी थांबवायची, एवढंच माझं काम. म्हणजे मी खरा अडीनडीचा. प्रत्यक्षात माझे काय हाल झाले ते ऐका, आणि मग मला चिडका म्हणायचं की नाही ते ठरवा.

एका वर्कशॉपमध्ये लोखंडी पट्टी वाकवून मला घडवलं. टोकाला चौकोनी पाटी आणि तिच्यावर खाचांचं काळं रबर. एका जाड तारेने मला उजवीकडच्या खऱ्या ब्रेकशी जोडलं. मी खाली गेलो की तोही आपोआप खाली जायचा, आणि तो गेला की मी. बसवणारा फिटर मास्तरांना म्हणाला, "हा जितका कमी वापराल, तितकं तुमचं शिकवणं चांगलं." मास्तरांनी मान डोलावली. मग फिटर गाडी चालवून दाखवायला बसला, आणि वर्कशॉपच्या फाटकाबाहेर पडायच्या आत मास्तरांनी मला तीनदा दाबलं. तो फिटर वीस वर्षं गाड्या चालवत होता!

तसे मास्तर माणूस सोन्यासारखे. कुणावर आवाज चढवणार नाहीत, कुणाला टाकून बोलणार नाहीत. पण त्यांचा तो उजवा पाय! समोर कागदाचा कपटा उडाला, दाब. लांबवर सायकल दिसली, दाब. माझं जग गाडीच्या तळाशी. मला दिसतात फक्त पावलं, बाकी सगळं कानावर येतं. गेली सात वर्षं मी मास्तरांच्या तपकिरी चपलेचा तळ बघतोय, आणि खरं सांगतो, वीट आलाय.

बाकीचे शिकाऊ कसेबसे पास व्हायचे. त्यांनी काकाच्या नाहीतर मित्राच्या गाडीवर हात मारलेला असायचा. पाववाल्या ताईंचं तसं नव्हतं. त्यांच्याकडे आमच्याखेरीज दुसरी गाडीच नव्हती.

म्हणजे दारात होती, पण तिला हात लावायची सोय नव्हती. ताईंचे यजमान बावीस वर्षं बेकरीची पावाची गाडी चालवत होते. पहाटे पाचला निघून दवाखाना, दोन शाळा आणि म्हाताऱ्यांचं वसतिगृह अशी त्यांची फेरी. मग त्यांची नजर अधू झाली. डॉक्टरांनी सांगितलं, गाडी बंद. बेकरीवाला भला माणूस. म्हणाला, "घरातलं कुणी चालवणार असेल तर तीन महिने थांबतो. तोवर शेजारच्या काकांना फेरी मारू दे. पण त्यानंतर मला दुसरा बघावा लागेल." घरात मूलबाळ नाही. उरल्या ताई, वय वर्षं सत्तेचाळीस.

ताई मन लावून शिकल्या. गिअर सुंदर टाकायच्या, आरसा बघायच्या, वळताना हात दाखवायला विसरायच्या नाहीत. सिग्नल आला की गाडी अशी अलगद थांबायची की मास्तर खूश. "वा ताई! लोण्यासारखा ब्रेक मारता!"

मारत कोण होतं? मी! मास्तरांचा पाय माझ्यावर पडायचा, तारेने उजवीकडचा ब्रेक खाली ओढला जायचा, आणि त्यावर पाय टेकवून बसलेल्या ताईंना वाटायचं, आपणच दाबला. मास्तरांनाही तसंच वाटायचं. मी मात्र तोंड असून मुका. नाही, चुकलो, मला तोंडही नाही.

पहिल्या परीक्षेत डावीकडे परीक्षक बसले. पॉलिश केलेला काळा बूट, माझ्यापासून वीतभर लांब, शांत ठेवलेला. थांबायची पांढरी रेघ आली. ताई वाट बघत राहिल्या, ब्रेक खाली जाईल म्हणून. तो कसा जाणार? रेघ ओलांडली, तेव्हा काळा बूट माझ्यावर आपटला. परीक्षकाला ब्रेक मारावा लागला की उमेदवार नापास, असा नियमच आहे. दुसऱ्या परीक्षेत उतारावर अगदी तेच झालं.

मग मास्तर कारण शोधायला लागले. सीटवर उशी ठेवून झाली. ताईंची चप्पल बदलून झाली. "परीक्षेचं टेन्शन घेता तुम्ही," असंही सांगून झालं. काखेत कळसा आणि गावाला वळसा! अहो, घोडं कुठे पेंड खातंय ते तुमच्याच चपलेखाली आहे, असं मी, तोंड असतं तर, तिथल्या तिथे किंचाळलो असतो. बेकरीवाल्याची मुदत संपायला आठ दिवस उरले होते आणि तिसरी परीक्षा सातव्या दिवशी होती.

त्या दिवशी ताईंना घेऊनच गाडी सर्व्हिसिंगला नेली. गॅरेजच्या मावशी गुडघ्यावर बसल्या आणि आधी उजवीकडे, मग डावीकडे बॅटरीचा उजेड मारला.

"मास्तर, ही दोन्ही रबरं मी एकाच दिवशी बसवली होती ना? दोन वर्षांपूर्वी?"

"हो. का?"

"डावं पार टक्कल झालंय. उजव्याच्या खाचा अजून जशाच्या तशा आहेत." मावशी उठल्या. "गाडी नक्की चालवतं कोण?"

ताई खाली वाकल्या. त्यांचं बोट आधी खऱ्या ब्रेकवरून फिरलं, मग माझ्यावरून. दुरुस्तीचं काम सोडलं, तर सात वर्षांत मला पहिल्यांदाच कुणी हाताने स्पर्श केला.

"म्हणजे मी एकदाही गाडी थांबवलेली नाही," त्या म्हणाल्या.

"ताई, तुम्हाला लागू नये म्हणून..."

"मला लागलं नाही, मास्तर. पण मला आलंही नाही!"

दुसऱ्या दिवशी ताई घरून पावाचा रिकामा क्रेट घेऊन आल्या आणि माझ्यावर पालथा घातला. "पाय याच्यावर ठेवायचा," एवढंच म्हणाल्या. बंद पडलेल्या कारखान्याच्या मोकळ्या आवारात, चिटपाखरू नसताना, सराव सुरू झाला. मला आयुष्यातली पहिली सुट्टी मिळाली. अंधारात बसून मी ऐकत होतो. धाडकन सरावासाठी मांडलेला एक प्लास्टिकचा शंकू गाडीखाली गेला. मग दुसरा. मास्तरांनी जीव खाऊन क्रेट दाबला. क्रेट काही ब्रेक नव्हता. तिसराही गेला.

"नाही जमणार मला," सरावाच्या पहिल्या दिवशी ताई म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी गाडी इतक्या जोरात थांबली की मास्तरांचा चष्मा क्रेटवर पडला. तिसऱ्या दिवशी एक शंकू वाचला. ताई मोठ्याने हसल्या, आणि मास्तर म्हणाले, "हा ब्रेक मात्र तुमचा." पाचव्या दिवशी आम्ही रस्त्यावर आलो. क्रेट माझ्याशेजारी सरकवून ठेवला होता, आणि मास्तरांनी आपला पाय दोन्ही हातांनी धरून ठेवला होता. विनोद करत नाही, खरंच धरला होता.

सातव्या दिवशी क्रेट उतरवला आणि पुन्हा तोच काळा बूट आत आला. पाच मिनिटं सगळं ठीक चाललं. मग बाजाराजवळच्या गल्लीतून एक माणूस डोक्यावर गादी घेऊन सरळ रस्त्यात उतरला. हे मला नंतर कळलं. मला एवढंच दिसलं की काळा बूट उचलला गेला आणि माझ्यावर आला. आता पडणार, आता पडणार! मी अंग चोरून घेतलं. इतक्यात तार ताणली गेली आणि मी आपोआप खाली गेलो. पलीकडून ताईंनी खरा ब्रेक दाबला होता. बूट माझ्यावर तसाच अधांतरी राहिला, आणि मग मुकाट मागे गेला.

"पास," केंद्रात परतल्यावर परीक्षक म्हणाले. "आज माझा पाय रिकामाच राहिला."

मित्रांनो, आम्हा वस्तूंना गोष्टीच्या शेवटी उपदेश करावा लागतो. मी तो इथेच उरकतो, कारण पुढचं सांगताना मला जमणार नाही. मला पुसा, तेल घाला, असं काही मागणं नाही. सोमवारी नवा शिकाऊ आला आणि मास्तरांनी पहिल्याच वळणावर मला चारदा दाबलं, तेव्हा माझ्या नशिबात काय आहे ते मला कळलंच आहे. तुम्ही तरी एवढं करा. तुमचं माणूस काही शिकत असेल तर त्याची काळजी जरूर घ्या, पण पाय उचलून घ्या.

तर, परीक्षा झाल्यावर मास्तर मागच्या सीटवर बसले आणि म्हणाले, "आज घरी तुम्हीच न्या, ताई. तुमच्या साहेबांना पुढे बसू दे." परीक्षा केंद्राच्या फाटकाशी सकाळपासून ताटकळत उभे असलेले यजमान चाचपडत माझ्याजवळ आले. झिजलेली, स्वच्छ धुतलेली चप्पल. पहिलं वळण आलं, आणि त्या चपलेने मला कचकन दाबलं. गाडी जागच्या जागी गचकली. मागून कुणीतरी हॉर्न वाजवला.

ताईंनी गाडी कडेला घेतली.

"अहो, पाय."

"मुद्दाम नाही केलं गं. बावीस वर्षं... तो आपसूकच जातो. मला समोरचं काहीच कळत नाही. भीती वाटते."

"माहितीये मला," ताई म्हणाल्या. "पण मला दिसतंय ना."

चप्पल माझ्यावरून उठली. मग ती पायातून निघाली, खाली राहिली, आणि वर सीटवर मांडी घातल्याचा आवाज आला.

"मग सांग," ते म्हणाले, "समोर काय काय आहे?"

ताईंनी गिअर टाकला. "उजवीकडे औषधांचं दुकान. पुढे एक बाई, हातात छत्री. रस्ता मोकळा आहे," त्या सांगत गेल्या, थेट घर येईपर्यंत.