हरकतीची वाट पाहताना

बाबांनी मृत्युपत्र स्वतःच लिहिलं, अगदी वकिलाच्या थाटात. लंडनमधल्या हाउन्सलोचं घर आईच्या हयातीत आईचं. खालच्या दोन खोल्या मात्र आपल्या लोकांच्या मुलांसाठी अभ्यासिका, आणि ती अभ्यासिका चालवायला एक ट्रस्ट. हेतू लाखमोलाचा, पण भाषा इतकी मोघम की आमची सॉलिसिटर आसावरी म्हणाली, "कोर्टाची मंजुरी लागेल. आणि ज्यांचा हक्क पोचतो त्या सगळ्यांना नोटीस."

सगळे म्हणजे कोण? आई, मी आणि बर्मिंगहॅमला राहणारा माझा धाकटा भाऊ प्रबुद्ध. सहा वर्षांपूर्वी आंबेडकर जयंतीला त्याने मराठीत भाषण करायला नकार दिला. बाबांनी भर हॉलमध्ये त्याला सुनावलं. तो कोट उचलून गेला तो गेलाच. मला कधीमधी इंग्रजीत मेसेज करायचा, आईचा फोन घ्यायचा नाही. बाबांच्या अंत्यविधीलाही मागे उभा राहिला आणि न बोलता निघून गेला.

नोटिसा गेल्यापासून आईचं काहीतरी वेगळंच चाललं होतं. पोस्टमन दिसला की ही जिन्यावरून खाली. मी स्टॅनमोरहून भेटायला गेले तरी हिचं लक्ष दाराकडे. मला राहवेना. अभ्यासिकेची एवढी तळमळ?

"प्रबुद्धनं हरकत घेतली तर गं?" मी विचारलं.

"घ्यावी," आई म्हणाली.

मी चहाचा कप खाली ठेवला.

"आसावरी म्हणाली ना, कोणी हरकत घेतली तर जज सगळ्यांना बोलावतो. मग त्याला यावंच लागेल. भांडेल, भांडू दे. आवाज तरी ऐकेन."

"आणि अभ्यासिका?"

"जज काय मुलांच्या अभ्यासाला नाही म्हणणार आहे?"

 मला त्या कार्ट्याचा रागच आला.

पुढच्या आठवड्यात आसावरीचा फोन आला. "प्रबुद्धचं उत्तर आलं. नो ऑब्जेक्शन! तुमच्या आईचं, गयाकाकूंचं, आधीच आलंय. आता फक्त तुमची सही."

मी आईला सांगितलं. "बरं," म्हणाली आणि मेथी निवडायला बसली. थोड्या वेळाने पाहते तर पानं कचऱ्यात आणि देठ चाळणीत.

माझा फॉर्म पर्समध्येच होता. काढला, 'हरकत आहे' या चौकोनात खूण केली आणि कारण लिहिलं: खालची एक खोली माझ्या भावाची होती. ती देण्याआधी त्याने एकदा येऊन पाहावी.

"रचनाताई, जज हसेल हो," आसावरी वैतागली.

"हसू दे. पण सगळ्यांना कळवावं लागतं ना?"

"लागतं," ती म्हणाली. मग जरा थांबून, "कोर्टातही यावं लागतं."

बर्मिंगहॅमला नोटीस पोचेल त्या सुमारास मी आईकडेच मुक्काम ठोकला. संध्याकाळी माझा फोन वाजला.

"ताई, तुझा डोकं फिरलं का? माझी रूम? मी कधी मागितला तो?"

मराठीत! मोडक्यातोडक्या का होईना, मराठीत. चुका काढायला बाबा नव्हते. आई चाळणी हातात धरून तशीच उभी राहिली होती.

"मला काय विचारतोस? घर जिचं आहे तिच्याशी बोल," मी म्हणाले आणि फोन तिच्या कानाला लावला.

तिने चाळणी खाली ठेवली आणि फोन दोन्ही हातांनी धरला. 

"बोल ना रे," आई म्हणाली. "भांड माझ्याशी."