पाण्याची जागा, आगीची जागा

"हे आपलं निशाण नाही, काकू."

तेहोने कापड शाळेच्या व्हरांड्यातल्या टेबलावर पसरलं होतं. ओकदान वाकून बघत राहिली. कापडाला सोयाबीनच्या आंबवणाचा वास मारत होता. उत्तरेचं सैन्य गावात होतं ते तीन महिने तिने ते तेलकागदात गुंडाळून आंबवणाच्या रांजणात तळाशी दडवलं होतं. सापडलं असतं तर सगळ्यांना उभं जाळलं असतं. आता दक्षिणेचं सैन्य परतलं होतं आणि ज्या घराने निशाण जपलं ते घर निष्ठावान, असं तेहोच्या गावरक्षक दलाने गावभर ओरडून सांगितलं होतं. म्हणून ती धावत आली होती. तिचा मुलगा जेगू, कचेरीतला कारकून, उत्तरेच्या लोकांना मदत केल्याच्या संशयावरून चार दिवसांपासून याच शाळेच्या एका वर्गात कोंडलेला होता.

"नाही कसं? मधे लाल-निळं आहे. चार कोपऱ्यांत चार चिन्हं आहेत."

"वर डावीकडे आकाश, खाली उजवीकडे धरती. एवढं बरोबर. पण पाणी वर हवं आणि आग खाली. तुमचं उलटं झालंय. गेल्या वर्षी सरकारचं पत्रक आलं होतं. तुमच्या जेगूनेच कचेरीच्या भिंतीवर चिकटवलं."

"अरे, एकतीस वर्षांपूर्वीचं आहे हे. तेव्हा कुठलं आलंय पत्रक? ज्याला जसं आठवलं तसं त्याने केलं."

"संध्याकाळी वरचे साहेब ट्रक घेऊन कोंडलेल्यांना न्यायला येणार आहेत. ते असलं काही ऐकून घेणार नाहीत. त्याच्या आत नीट करून आणा."

तेहो तिच्या अंगणात खेळून मोठा झालेला. जेगू आणि तो एकाच बाकावर बसायचे. पण उन्हाळ्यात उत्तरेच्या लोकांनी त्याच्या बापाला, गिरणीवाल्या म्हाताऱ्याला, नदीकाठी नेऊन गोळी घातली. तेव्हापासून तेहो कुणाच्या डोळ्यांत बघून बोलत नव्हता.

घरी सून हेसुक कात्री घेऊन पुढे झाली. "आई, द्या, मी उसवते."

"मीच उसवते. टाके माझे आहेत."

एकोणीस वर्षांची असताना घातलेले टाके. नवरा इन्सोप शेजारी बसून सांगत होता, तीन अखंड रेघा म्हणजे आकाश, तीन तुटक म्हणजे धरती, आगीच्या पोटात तुटकी रेघ, पाण्याच्या पोटात अखंड. तिने दोन चिन्हं नेमकी उलटी लावली. तो हसला होता. "राहू दे गं. दोघं एकाच चुलीवर तर नांदतात." दुसऱ्या दिवशी ते कापड छातीला गुंडाळून, वर कोट चढवून तो बाजारातल्या स्वातंत्र्याच्या मोर्चाला गेला. जपानी शिपायांच्या गोळीबारानंतर घरी आलं ते नुसतं कापड. जेगू तेव्हा पोटात होता.

आगीचं चिन्ह निघालं. कितीही धुतलं तरी आजूबाजूचं कापड तपकिरी पडलं होतं, पण चिन्हाखालचं मात्र काल विणल्यासारखं पांढरं. तिने तिथे पाण्याच्या रेघा बसवल्या. वरच्या आणि खालच्या रेघेच्या फटीतून पांढरं डोकावत राहिलं.

"दिसतंय हो आई," हेसुक म्हणाली आणि तोंडात बाही कोंबून रडायला लागली.

"शीव," ओकदान म्हणाली. "सुईत दोरा ओव. मला दिसत नाही."

ऊन उतरायला लागलं तेव्हा दोघी शाळेत पोचल्या. फाटकाबाहेर बायका उभ्या होत्या. सगळ्यांची माणसं आत. हेसुक त्यांच्यात थांबली. ओकदान टेबलापाशी गेली.

तेहोने कापड पाहिलं. "आता बरोबर आहे." मग मान वर न करताच त्याने विचारलं, "माझ्या आबांचं नाव उत्तरेवाल्यांच्या ज्या यादीत होतं, ती जेगूच्या अक्षरात होती का?"

येताना वाटेत तिने उत्तर घोकलं होतं. नाही म्हणायचं. शंभरदा विचारलं तरी नाही.

"होती," ती म्हणाली. "पाठीशी बंदूक घेऊन उभे होते रे. घरी आला आणि मला म्हणाला, आई, गिरणीवाल्या काकांना सांगून ये, पहाटेच्या आत निघून जा म्हणावं. मी निघाले. ओढ्यापाशी त्यांचा पहारा होता. झुडपात बसले घटकाभर, आणि परत आले. त्याला सांगितलं, निरोप पोचला. त्याला अजून ठाऊक नाही. कोंडायचं तर मला कोंड. तो निरोप मी गिळला."

टेबलाची कड तेहोने दोन्ही हातांनी धरून ठेवली होती.

ट्रक आला. साहेब खाली उतरले नाहीत. तेहो कागद घेऊन वर्गाच्या दारात उभा राहिला आणि नावं वाचायला लागला. एकेक जण बाहेर येई, त्याचे हात बांधले जात. अकरावं नाव वाचून त्याने कागदाची घडी घातली.

"बारा कळवले होते ना?" ट्रकमधून आवाज आला.

"अकराच, साहेब."

ट्रक वळून खिंडीच्या रस्त्याला लागला. बायका मागे धावल्या, काही अंतरावर थांबल्या. रिकाम्या वर्गातून जेगू एकटा बाहेर आला. त्याला बघून त्या गप्प झाल्या.

तेहोने निशाण ओकदानच्या हातात कोंबलं. "जा, काकू. परत माझ्यासमोर येऊ नका."

हेसुकने नवऱ्याचा हात धरला. चालता चालता जेगू आईच्या कानाशी झुकला. "तू काकांना सांगून आली होतीस ना, ते तेहो विसरला नाही बघ. म्हणूनच सोडलं."

ओकदानला वाटलं, आता सांगावं. "तुम्ही व्हा पुढे," ती म्हणाली.

वाटेत कुंभाराची बायको चालली होती. अकरांत तिचा नवरा होता. चिखलात तिच्या एका पायातला रबरी जोडा रुतून राहिला, तिला कळलंही नाही. ओकदानने तो उपसून काढला, ओंजळीत धरला आणि दहा पावलं मागे राहून, हाक न मारता, तिच्या दारापर्यंत चालत गेली.