वाळूखालचा काळा थर

घड्याळजींचं मांडीचं हाड मोडलं, तेव्हा त्यांना पायापेक्षा माशांच्या टाकीची काळजी जास्त. तीन महिने जिना चढायचा नव्हता, म्हणून लेक त्यांना तळमजल्यावरच्या आपल्या घरी नेणार होती. त्यांनी समोरच्याच घरात राहणाऱ्या धाकट्या भावाला बोलावलं आणि पडल्या पडल्याच शिकवणी घेतली.

"वाळू आहे, खडे नव्हेत. घाण ओढायची नळी आत खुपसलीस तर वाळूच ओढली जाईल. बोटभर वर धर आणि दुसऱ्या हाताने पाणी हलकं ढवळ. घाण वर उठते, वाळू खाली बसते. आणि आठवड्यातून एकदा काडीने वाळू टोचायची. नाहीतर खाली विषारी वायू कोंडतो."

"दादा, घड्याळ उघडायला थोडंच सांगतोयस," धाकटा म्हणाला. "डोळे झाकून विश्वास ठेव."

त्यांनी ठेवला. दर रविवारी धाकट्याचा फोटो यायचा, खाली 'चकाचक' असं लिहिलेलं. फोटोत मिशाळ असायचा, तळाची वाळू हुंगत फिरणारा त्यांचा मासा. नखाएवढा होता तेव्हापासून नऊ वर्षं त्यांनी तो जपला होता. घड्याळजी फोन डोळ्यांजवळ धरून विचारायचे, "काय रे, जेवलास का?" लेक शेजारी बसून हसायची.

चौथ्या महिन्यात ते काठी टेकत घरी आले. लेक सामान लावायला सोबत होती. टाकीची काच आरशासारखी होती, वाळूही इस्त्री फिरवल्यासारखी. तेच त्यांना खटकलं. जो मासा दिवसभर वाळू उकरतो, त्याच्या घरात इतकी टापटीप कशी? स्टूल ओढून ते बसले आणि कोपऱ्यात काडी टोचली.

भसकन बुडबुडे वर आले. कुजक्या अंड्यांचा वास सुटला. काडी बाहेर काढली तर टोक काळं. त्यांनी वरची वाळू जराशी सारली. खाली सगळं काजळासारखं. तीन महिने कोणी नुसता वरून हात फिरवला होता.

मग त्यांनी भिंग लावलं. मिशाळच्या डावीकडच्या मिशीचं टोक जुनं तुटलेलं होतं. समोरच्या माशाच्या दोन्ही मिश्या अखंड.

हाक मारल्यावर धाकटा आला. त्याने एकदा टाकीकडे पाहिलं, एकदा काडीकडे.

"मिशी वाढली असेल, दादा."

"नऊ वर्षांत नाही वाढली, ती आता?"

धाकटा खुर्चीच्या कडेवर टेकला. "दुसऱ्या आठवड्यातच गेला. काडी टोचायची मी विसरलो होतो, मग एकदमच सगळी वाळू ढवळून काढली. सकाळी बघतो तर उताणा. तू नुकता उठून बसायला लागला होतास. कसं सांगणार? बाजारातून तसाच दुसरा आणला. नंतर वाळू टोचायची भीतीच वाटायला लागली, नुसती वरून सपाट करायचो."

"आणि फोटो?"

"आधीचेच होते. पुन्हा पुन्हा पाठवत होतो."

घड्याळजींनी लेकीकडे पाहिलं. ती कपाटात कपडे लावत होती, तिचे हात थांबले होते.

"तुला ठाऊक होतं."

"बाबा, डॉक्टर म्हणाले होते, मनाला त्रास नको."

"डॉक्टरांनी माझं हाड बघितलं होतं. मेलेल्या माशाला मी जेवलास का विचारायचो, तेव्हा तू शेजारी बसून हसत होतीस."

"तुम्ही त्या दिवसांत तेवढ्यावरच तर खुलायचात," ती म्हणाली आणि रडायला लागली.

एरवी त्यांनी तिला जवळ घेतलं असतं. आज मासा गेल्याचं दुःख दुसऱ्या नंबरावर होतं. आपल्याच माणसांनी मिळून आपल्याला कुक्कुलं बाळ ठरवलं आणि आपण आनंदाने खुळखुळा वाजवत राहिलो, हे मात्र त्यांच्या घशाखाली उतरेना.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी वाळू साफ करायला घेतली. रोज वीतभरच, बाकीची दुसऱ्या दिवसावर. नवा मासा बिचकून दगडामागे बसायचा. त्याचा काय दोष, म्हणून त्याला वेळेवर खायला मिळे; त्याच्याशी बोलणं मात्र त्यांच्याने होईना. धाकटा रविवारी येऊन बादलीला हात घालू लागला, तेव्हा ते म्हणाले, "राहू दे." धाकटा बादली सोडून गेला.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. "पाय कसा आहे, बाबा?"

बादल्या उचलून उचलून मांडी ठणकत होती. पहाटेपासून ते पाय टेकवू शकले नव्हते.

"एकदम छान," घड्याळजी म्हणाले. "तू नको काळजी करूस."