मोहोळाखालची बोलणी

बॉम्बवाल्या देशाशी बोलायचं नसतं, त्याला ठोकायचं असतं, हे आबारावांचं मत पिंपळगाव रेणुकाईत पोरासोरांनाही पाठ होतं. टीव्हीवरची चर्चा संपली की पारावर त्यांची सुरू व्हायची. "बोलाया गेलं की ते जास्तच माजतंय!" असं ते मांडीवर थाप मारून सांगत. मांडी बहुधा शेजारच्याची असे.

मग त्यांच्या पोरीच्या, वर्षाराणीच्या लग्नादिवशी त्यांच्याच बांधावर बॉम्ब निघाला.

झालं असं की, लग्नपत्रिकेच्या मजकुरात थोरला चुलतभाऊ बिभीषण याचं नाव घालायचं आबाराव साफ विसरले. आठवलं तेव्हा कागदाच्या तळाशी थोडी जागा दिसली, तिथं घुसडलं. छापखान्यानं बिनबोभाट छापलं. 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं!' या ओळीखाली परी, चिऊ, शौर्य आणि मिशाळ, अठ्ठावन्न वर्षांचा बिभीषण! आठ दिवस सारं गाव त्याला "बाळ, दूदू पिलास का?" असं विचारत होतं.

लग्नाच्या सकाळी बिभीषण गोफण घेऊन बांधावर बसला. समोर पिंपळ, पिंपळाला सुपाएवढं आग्या मोहोळ आणि तिथून शंभर पावलांवर लग्नाचा मांडव. "अक्षता पडल्या की गोटा सुटला," असा निरोप त्यानं धाडला.

मंडपवाले महेमूदभाई घाबरले. "आबाराव, मोहोळ उठलं तर नवरदेव परतूरला जाऊनच थांबंल. कुछ तो बात करो."

"बात? त्याच्यासंगं?" आबाराव कडाडले. "मोहोळच जाळून टाकतो बघा!"

"अहो," गोपिकाबाई पोरीच्या मुंडावळ्या बांधता बांधता म्हणाल्या, "ज्याच्यापाशी बॉम्ब हाय त्याच्यासंगंच बोलायचं असतंय. बाकीच्यांसंगं भांडा की खुशाल."

पण बायकोचं ऐकतील तर ते आबाराव कसले! अंगावर गोधडी पांघरून, हातात पलिता घेऊन ते मागच्या बाजूनं पिंपळाखाली पोचले. काडी ओढणार तोच समोर बिभीषण. त्यानं गोधडी चालत येताना लांबूनच बघितली होती.

दोघांनी तोंडं उघडली आणि डोक्यावर मोहोळ गुणगुणलं. दोघे जागच्या जागी थिजले. मग त्या गावानं कधी ऐकलं नसेल असं भांडण झालं. ऐकणार कसं? सगळं कानाशी कुजबुजत चाललं होतं.

"चोरा," बिभीषण पुटपुटला.

"दादा, तूच चोर," आबाराव फुसफुसले.

"गावात नाक कापलंस माझं."

"चुकून झालं रं."

"पत्रिका व्हाट्सपवर टाकली, ते बी चुकून? माझं घर दोनशे पावलांवर हाय, आब्या. कुंकू लावून अक्षद द्यायला तुझे पाय मोडले व्हते का?"

आबारावांनी पलिता हळूच खाली ठेवला. हाच माणूस वर्षाराणीला खांद्यावर बसवून बालवाडीत न्यायचा, नदीला पाणी असलं तरी न्यायचा. त्यांना स्वतःची मनापासून लाज वाटली.

"दादा, गोटा खरंच मारणार व्हतास?"

"येडा का खुळा? माश्या पयले मलाच फोडून काढतील की. माझी म्हैस बी हितंच बांधलीय."

"मंग बसलास कशाला?"

"तू येतोस का न्हाई, ते बघून राह्यलो व्हतो," बिभीषण म्हणाला आणि त्याचे डोळे भरून आले. त्यानं नाकसुद्धा आवाज न करता पुसलं.

आबाराव वाकले आणि गोधडीसकट त्याच्या पाया पडले. "चल, चूक माझीच हाय. पोरगी वाट बघतीय तुझी."

"माईकवर नाव घेशील?"

"दोनदा घेतो. आता ती गोफण टाक."

"ऱ्हाऊ दे," बिभीषण गोफण कमरेला खोचत म्हणाला. "आठ दिस नुस्ता रुसून बसल्तो, कुणी फिरकलं न्हाई. ही हातात घेतली आन् दोन घंट्यात तू आलास."

 आबारावांनी गोफण राहू दिली, दादाचा हात धरला आणि दोघे पाय न वाजवता मांडवाकडे निघाले.