हलकी बॅग

चेनची ती पितळी जीभ तिच्या अंगठ्याखाली होती आणि अंगठा हलत नव्हता. नुसती ओढली असती तरी काम झालं असतं—आत एक नजर टाकायची, करडी कड दिसली की संपलं. बस सिग्नलला थांबली होती, शेजारची बाई खिडकीला डोकं टेकून पेंगत होती, बघायला कुणी नव्हतं. पण बघायचं नाही, असं तिनं बसमध्ये चढतानाच ठरवलं होतं. आठवायचं. लॅपटॉप बॅगेत ठेवल्याचं आठवलं पाहिजे. बघून काय, कुणालाही कळतं.

बॅग मांडीवर होती आणि मांडीला काही सांगता येत नव्हतं, हीच तर गंमत. जुना होता तेव्हा असा प्रश्न पडायची सोयच नव्हती. तो धोंडा बरोबर आहे की नाही हे खांदाच सांगायचा—जिना उतरताना, बसचा दांडा धरताना, झोपेत कूस बदलतानासुद्धा. तिची रड ऐकून ऐकून कंटाळलेल्या मुलीनं शेवटी हा नवा पाठवला. पातळ, दोन बोटांत धरावा असा, आणि वजन म्हणाल तर असून नसल्यासारखं. नवऱ्यानं तो खोक्यातून काढला, उलटसुलट करून बघितला आणि म्हणाला, "चला, या घरात कुणीतरी सडपातळ आलं!" तेव्हा ती हसली होती. आता डबा, छत्री आणि रिपोर्टच्या जाडजूड फायली यांच्यामध्ये तो आहे की... बॅग कालच्याइतकीच लागतेय का? जरा हलकी? नाही, वजन करून ठरवायचं नाही. आठवायचं.

पुन्हा पहिल्यापासून. उठले. चहा टाकला. नवरा पेपरमध्ये डोकं घालून बसला होता, म्हणाला, छत्री असू दे... हे आजचं की कालचं? छत्री आहे बॅगेत. पण ती कालपासूनच असेल तर? बरं, डबा. डब्याचं झाकण बसेना म्हणून मुठीनं ठोकलं. हे नक्की आजचं, मूठ अजून ठणकतेय. मग आतल्या खोलीत गेले. टेबल दिसतंय, टेबलावरचा चष्मा दिसतोय, तो उचलणारा माझा हात दिसतोय, आणि मग एकदम मी दारात चपला घालतेय. मधलं कुठे गेलं? मधलं काहीच नाही.

पूर्वी मधलं असायचं. जुन्याची बॅटरी मरतुकडी. रोज चार्जिंगला लावा, सकाळी वायर काढा, गुंडाळा, दोन्ही बॅगेत कोंबा, मग चेन लागत नाही म्हणून चरफडा. त्या खटपटीमुळे सकाळ लक्षात तरी राहायची. याचं तसं काही नाही. आठवडा आठवडा चालतो, रविवारी नवरा एकदा चार्जिंगला लावतो तेवढंच. याचा चार्जर कुठल्या खणात आहे हेही आपल्याला ठाऊक नाही, असं ती भेटेल त्याला मोठ्या कौतुकानं सांगायची.

बस सुटली. अंगठा घामेजला होता. तिनं हात मागे घेतला आणि दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून ठेवली.

आई पर्स उघडायची. किल्ल्या बघायची, पर्स मिटायची, बस जरा पुढे गेली की पुन्हा उघडायची. "आहेत गं बाई, आहेत," असं स्वतःशीच म्हणून हसायची. सगळे तिला धांदरट म्हणायचे. धांदरट ती पहिल्यापासूनच होती, म्हणून तर कुणाच्या ध्यानात आलं नाही... आलं तेव्हा आम्ही दोघी अशाच एका बसमध्ये बसलो होतो आणि आईनं माझ्याकडे वळून विचारलं, "तुम्ही कुठे उतरणार?" अगदी अदबीनं. परक्या बाईला विचारावं तसं.

म्हणून चेन उघडायची नाही. आज उघडली की उद्यापासून ती दर थांब्याला उघडणार.

आणि उगाच कशाला आईपर्यंत पोहोचायचं? विसरतात सगळेच. मध्ये एकदा लॅपटॉप हॉस्पिटलात फायलींच्या गठ्ठ्याखाली राहिला तेव्हा सगळे हसलेच की—एवढा पातळ, दिसणार कसा! ते ठीक आहे. पण मुलीचा फोन... शेजारच्यांच्या गच्चीतल्या मांजराची गोष्ट ती रंगवून सांगत होती आणि मुलगी म्हणाली, "आई, हे काल सांगितलंस." एवढंच. त्यापुढे ती जराशी गप्प राहिली, ते मात्र ठीक नव्हतं. नवऱ्याला यातलं काही कळू द्यायचं नाही, हे तिनं त्याच दिवशी पक्कं केलं. तो काळजी करणारा माणूस. पोरीला साधा ताप आला तरी हा रात्रभर जागा. निदान त्याला तरी सुखानं राहू दे.

ती उतरली. दवाखाना शहराच्या कडेला होता. तिथे ती आठवड्यातून एकदा पेशंटांचे कान तपासायला यायची, कानातली मशीनं लॅपटॉपला जोडून त्यांचा आवाज लावून द्यायची. लॅपटॉप नसेल तर तिचे हात बांधलेलेच. दुरून दुरून आलेल्या म्हाताऱ्यांना परत पाठवायचं, आणि मग मुख्य हॉस्पिटलला फोन करून म्हणायचं, मी विसरले. मी विसरले... तिनं ते मनात एकदा म्हणून पाहिलं.

काउंटरवरच्या बाईंनी तिला दारातच गाठलं. "मॅडम, तुमच्या नादानं मी फसले!"

"मी काय केलं?"

"तुमचं ऐकून तोच लॅपटॉप घेतला ना. तोच अगदी, रंगसुद्धा तोच. कुठला आठवडा नि कुठलं काय! दीड दिवस झाला की मान टाकतो. दुकानात नेला, तर म्हणे एवढाच चालतो, चांगला चालतोय. मग तुमचाच कसा हो आठवडाभर चालतो?"

"तुम्ही त्यावर दिवसभर सिनेमे बघत असाल," ती म्हणाली. बॅग तिनं छातीशी धरली होती.

"घ्या! म्हणजे आमचंच चुकलं!"

खोलीत पहिलं जोडपं येऊन बसलंसुद्धा होतं. आजोबा कारखान्यात फिटर होते, आयुष्यभर लोखंडाचा दणदणाट ऐकून कान गेलेले. मशीन शिट्टी मारतं अशी तक्रार होती. आजींनी ते त्यांच्या कानातून काढून तिच्यापुढे ठेवलं. आता टाळता येण्यासारखं काही उरलं नव्हतं. तिनं चेन ओढली.

होता. फायलींच्या मागे, सरळ उभा. आहे गं बाई, आहे... असं मनात आलं आणि ती दचकली.

पण आहे म्हणून आठवलं थोडंच? तिनं तो बाहेर काढताना टेबल पुन्हा डोळ्यांपुढे आणलं, चष्मा आणला, हात आणला. लॅपटॉप त्या हातात येतच नव्हता. तिनं झाकण उघडलं. पडदा उजळला. कोपऱ्यात बॅटरीचं चित्र—काठोकाठ भरलेलं. काल ती सकाळपासून संध्याकाळपर्यंत यावर काम करत होती. परवाही.

मशीन जोडलं, शिट्टी कमी केली, आवाज थोडा चढवला, ते सगळं बोटांनी आपलं आपण केलं. मग मशीन आजोबांच्या कानाशी धरून तिनं विचारलं, "आजोबा, आता कसं वाटतंय?"

"बरं वाटतंय त्यांना," आजी म्हणाल्या. "जरा अजून वाढवा."

अशा वेळी ती नेहमी एक वाक्य बोलायची, थोडं दटावूनच—आजी, त्यांचं त्यांना सांगू द्या. आज ते निघेना. तिनं मशीन पुन्हा लॅपटॉपला जोडलं. आजीच ओशाळल्या. नवऱ्याच्या कानात आता काही नाही याची खात्री करून त्या हळूच म्हणाल्या, "सवय लागली हो. चारचौघांत यांना 'काय, काय' करायला लागू नये म्हणून मीच आधी बोलून टाकते. त्यांना वाटतं, आपलं झकास चाललंय. वाटू दे."

आजोबा दोघींकडे बघून प्रसन्नपणे हसले.

दीड दिवस. म्हणजे माझासुद्धा दीडच दिवस... आणि चार्जर मला ठाऊक नसलेल्या खणात. रोज झोपायच्या वेळी नवरा म्हणतो, तू झोप, दारं-खिडक्या मी बघतो. मग तो बाहेर किती वेळ असतो? आपण कधी विचारलं नाही, कारण आपल्याला तेवढ्यात झोप लागते. तो खण उघडतो, वायर काढतो. सकाळी मी चष्मा शोधत असते तेव्हा बॅगेत... आजच? की रोज?

टेबलावरचा फोन थरथरला. तोच. रोज याच सुमाराला करतो, मेला किती काळजी करतो, असं ती काउंटरवर थट्टेनं सांगायची.

"पोहोचलीस?"

"पोहोचले."

"मिळालं ना सगळं? म्हणजे... ठीक ना सगळं?"

तू ठेवलास का, हे अगदी ओठांवर आलं होतं.

"बॅटरी फुल आहे," ती म्हणाली.

कुणाला किती बारीक ऐकू येतं हे मोजण्यातच तिचं आयुष्य गेलेलं. त्यानं श्वास आत घेतला आणि तो तिथेच धरून ठेवला, हे तिला स्वच्छ ऐकू आलं.

"चांगली निघाली म्हणायची," तो म्हणाला.

"हो. फारच चांगली."

फोन कुणीच ठेवेना. सकाळपासून ती एकाच गोष्टीला भीत होती, आणि ती गोष्ट अजून तिथेच होती, जराही लहान झालेली नव्हती. पण आता त्या गोष्टीपाशी तोही उभा दिसत होता—तिच्याही आधी येऊन थांबलेला, कुणास ठाऊक केव्हापासून, आणि दिवसभर सडपातळपणाचे विनोद करणारा. मी त्याला सुखात ठेवलं होतं म्हणे! तिला रडू येईल असं वाटलं, आणि त्याचा रागही आला, आणि तो आत्ता घरात एकटा आहे हे आठवून जीव तुटला.

"ऐकतेयस ना?" तो म्हणाला.

"ऐकतेय."

आज घरी गेल्यावर जेवणं होतील, भांडी होतील, आणि तो म्हणेल, तू झोप, मी बघतो. तेव्हा डोळे मिटून पडून राहायचं की उठून त्याच्या मागे जायचं, हे तिला काही केल्या ठरवता येईना.