आधीच्याने केलेलं काम

पडद्याच्या बाहेर

दुकानात बिघडलेला सॅक्सोफोन आला की आधी स्क्रूड्रायव्हर उचलायचा नसतो. आधी शिव्या. अगदी तसल्या नव्हेत, गिऱ्हाइकासमोर देता येतील अशा. आणि द्यायच्या कोणाला, तर हे वाद्य याआधी ज्याने दुरुस्त केलं त्या अनोळखी माणसाला. तो बिचारा समोर नसतो, त्यामुळे काम बिनबोभाट होतं. गिऱ्हाइकाला वाटतं, चला, आता कुठे योग्य हाती आलो.

हा रिवाज जावयाला सासऱ्यांनी शिकवला. सासरे, म्हणजे मामा, यातले वस्ताद. 'याने दुरुस्ती नाही केली, जुना राग काढलाय,' असं ते इतक्या गंभीरपणे म्हणायचे की माणूस हसता हसता वाद्य टेबलावर ठेवून मोकळा व्हायचा. दुकान मामांचं, पाटीवर नाव मामांचं, रिवाज मामांचा. जावयाच्या वाट्याला दुकानाची खुर्ची आली होती, तीही मामांच्या बुडाला साजेशी खोलगट झालेली.

त्या दिवशी शाळेच्या बँडच्या बाई आल्या. कुठल्याशा हॉटेलातला वाद्यवृंद मोडीत निघाला होता, त्यातले तीन सॅक्सोफोन त्यांनी मुलांसाठी उचलले होते. एकाची मान वाकलेली. दुसऱ्याच्या भोंग्याला पोचे. तिसरा दिसायला धडधाकट, पण फुंकला की खालचे सूर निघेचनात, नुसता वारा.

"ह्याला काय झालंय हो?" बाईंनी विचारलं.

जावयाने तो खिडकीकडे धरला. चाव्यांच्या पोटातली चामड्याची पॅड तिरकी बसली होती, ज्या लाखेने ती चिकटवतात ती लाख कडेने ओघळून वाळली होती. असा मासला रोज मिळत नाही. जावई खुलला.

"ह्याला काही झालेलं नाही, बाई. ह्याला कुणीतरी केलंय."

बाई हसल्या. ते पुरेसं होतं.

"हे बघा. ही लाख लावलीय का भिंत लिंपलीय? आणि ही दोन पॅड. एक इकडे तोंड करून, एक तिकडे. नवराबायकोचं भांडण झाल्यासारखी."

"पण कुणी केलं असेल असं?"

"कुणी का असेना, डोळे मिटून केलंय. आंधळ्याला दिलं असतं ना, तर त्याने निदान चाचपून तरी पाहिलं असतं."

बाईंनी तोंडावर हात धरला. "थांबा, हे आमच्या हेडमास्तरांना ऐकवायला हवं. त्यांना वाटतंय मीच फसले."

"खुशाल ऐकवा. आणि म्हणावं, तो माणूस कुठे भेटला तर त्याच्या हातात हत्यार देऊ नका. काठी द्या."

बाई हसत गेल्या. जावई हसत कामाला बसला. सगळ्यात मोठी चावी काढली, पॅडखाली पातं सरकवलं, लाख गरम केली. पॅड सुटलं. त्याच्या मागे एक पातळ चकती होती. पॅड एका बाजूने खाली बसत असलं की त्याला उचल द्यायला अशी चकती घालतात. कुणी पुठ्ठ्याची घालतो, कुणी कागदाची.

ही पत्त्याची होती. इस्पिकचा गुलाम. एक डोळा आणि अर्धी मिशी.

थोडं मागे

लग्नाआधी मामा पत्ते खेळत. रात्र रात्र. लग्नानंतर मामींनी घरातले पत्त्यांचे सगळे कॅट गोळा करून टेबलावर ठेवले आणि एवढंच म्हणाल्या, 'ह्यांचं काय करायचं ते तुम्हीच ठरवा.' मामांनी ठरवलं. कात्री घेऊन त्यांच्या चकत्या कापल्या. पुढे आयुष्यभर जे वाद्य मामांच्या हातून गेलं त्याच्या पोटात कुठे ना कुठे एखादी राणी, एखादा बदामाचा तुकडा होता. चित्राची बाजू नेहमी धातूकडे, म्हणजे बाहेरून कुणाला पत्ता लागू नये. 'पत्ते सोडले नाहीत, झाकून ठेवले,' असं ते म्हणत, आणि मामींना हे ठाऊक होतं.

असं दुसरं कुणी करत नव्हतं. म्हणजे शंकेला जागा नव्हती. जावयाने तरी चकती उलटसुलट करून पाहिली.

मामांनी काम सोडलं ते गुडघ्यांमुळे. निदान घरात असंच बोललं जाई. 'गुडघे धरतात, बसवत नाही,' असं मामा म्हणायचे आणि मग आतल्या खोलीत जमिनीवर मांडी ठोकून दिवसभर चाव्यांखाली लावायचं लोकरी फेल्ट कापत बसायचे. त्या मांडीकडे कुणी बघत नसे. जावयाच्या बायकोने बाबांच्या ताटात मीठ कुठे वाढलंय ते तोंडाने सांगायला सुरुवात केली होती. जावई सुई ओवून ठेवायचा. डोळे हा शब्द त्या घरातून कधी गेला ते कळलंही नव्हतं. सगळ्यांनी मिळून एक गोष्ट उभी धरली होती, की मामांनी सोडलं तेव्हा हात चोख होता. मामा त्या गोष्टीला टेकून बसले होते.

आणि जावयाने त्यांना काठी देऊ केली होती.

तेच, पडद्याच्या आतून

दुकान आणि आतली खोली यांच्यामध्ये एक पडदा. नुसतं कापड. आता जावई तिथे, मनाने, मामांच्या शेजारी जमिनीवर जाऊन बसला आणि मघाचं सगळं त्याने पुन्हा ऐकलं.

कात्रीचा आवाज. कच्च. कच्च.

बाईंचा आवाज. चाव्या खुळखुळल्या. आल्टो सॅक्सोफोन आहे, मामांना खुळखुळण्यावरून कळतं. खालचे सूर येत नाहीत.

ही लाख लावलीय का भिंत लिंपलीय.

कच्च.

डोळे मिटून केलंय.

इथे कात्री चालू होती की थांबली होती? जावई आठवू लागला. आठवेना. तेव्हा त्याचं लक्ष स्वतःच्या विनोदाकडे होतं.

मधले दिवस

"अहो, बाबांनी चहा घेतला नाही," बायको म्हणाली.

"का?"

"मला काय विचारता? थंड झालाय म्हणाले. मी आत्ताच ठेवला होता."

"त्यांनी काही ऐकलं का गं?"

"काय ऐकायचं होतं?"

जावयाने चकती तिच्या हातावर ठेवली. तिने ती पाहिली, मग नवऱ्याकडे पाहिलं. तिला विनोद सांगावा लागला नाही, ती स्वयंपाकघरातूनच ऐकत होती. तिलाही तेव्हा हसू आलं असणार, कारण ती आता भयंकर चिडली.

"तुम्हाला फार बोलायची हौस."

"तुझ्या वडिलांनीच शिकवलंय."

"त्यांनी पॅड बसवायलाही शिकवलंय. तेवढंच करायचं होतंत."

जावई काम करत राहिला. मान सरळ केली, पोचे आतून ठोकून काढले. तिसऱ्याकडे वळायला त्याने शक्य तितका उशीर केला. एकेक पॅड सुटत गेलं, एकेक चेहरा निघत गेला. काही चकत्या दुहेरी, काही निसटून कडेला गेलेल्या. कुणीतरी बोटांनी जागा शोधत शोधत बसवल्यासारख्या. म्हणजे चाचपून पाहिलं होतं. मन लावून चाचपलं होतं, तरी चुकलं होतं. ते कळल्यावर तर त्याला स्वतःचंच वाक्य तोंडात खड्यासारखं लागायला लागलं.

लाज कुठेतरी ठेवायला हवी म्हणून त्याने तो गुलाम परत पॅडखाली बसवला. नवं पॅड, नवी लाख, जुना गुलाम. मग खोलीत अंधार करून वाद्याच्या नळीत दिव्यांची काठी सोडली आणि चावी मिटली. पॅड नीट बसलं असेल तर अंधार राहतो. इथे कडेला उजेडाची बारीक रेघ आली. शाळेतल्या पोराने फुंकलं की तिथूनच हवा जाणार आणि ओरडा पोराला बसणार. त्याने गुलाम काढला आणि खिशात टाकला.

या सगळ्या दिवसांत मामा त्याच्याशी पूर्वीसारखेच बोलले, म्हणजे जवळजवळ नाहीच. जावयाचं काम झालं की ते आतून चाव्यांची टपटप ऐकत आणि म्हणत, 'चालेल.' इतक्या वर्षांत यापेक्षा जास्त काही नाही. फार तर एखाद्या वेळी, 'चालवून घेऊ.' जावई त्या 'चालेल'च्या पुढचा एखादा शब्द ऐकण्यासाठी कान टवकारून जगत होता, हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं नव्हतंच ते.

पुन्हा बाहेर

बाई सॅक्सोफोन न्यायला आल्या तेव्हा मामा पडद्याच्या अलीकडे होते. दाढी केलेली, धुतलेला शर्ट, गिऱ्हाइकाच्या स्टुलावर ताठ.

बाईंबरोबर हेडमास्तर होते. तिन्ही वाद्यं वाजवून झाली, खालचे सूर गुबगुबीत आले, हेडमास्तरांनी मान डोलावली. आणि बाई म्हणाल्या, "आता सांगा ना सरांना. ते आंधळ्याचं."

"कसलं?" जावई म्हणाला.

"अहो, ते काठीचं. मला तुमच्यासारखं सांगता येत नाही."

"विसरलो मी."

"सांगा की, जावईबापू," मामा म्हणाले. "मलाही नीट ऐकू आलं नव्हतं."

मामांना दोन घरं पलीकडचा नळ ऐकू येत असे.

जावयाने टेबलावरचा फडका उचलला, घडी केली, मोडली. "ते काम माझंच होतं," तो म्हणाला. "सुरुवातीचं. हात बसला नव्हता तेव्हाचं. नंतर ओळखलं."

हेडमास्तर मनापासून हसले. "म्हणजे स्वतःलाच शिव्या घातल्यात? वा."

"खोटं," मामा म्हणाले.

त्यांनी हात पुढे केला. जावयाला कळलं, सॅक्सोफोन मागताहेत. त्याने दिला. मामांची बोटं चाव्यांवरून फिरली, एकेकीला दाबून, सोडून. टप. टप. टप. मोकळा, भरीव आवाज.

"हे काम माझं," मामा बाईंच्या दिशेने म्हणाले. दिशा थोडी चुकली, ते हेडमास्तरांच्या खांद्याशी बोलत होते. "हॉटेलातला एक जण घेऊन आला होता. मला तेव्हा दिसत नव्हतं. कबूल केलं असतं तर दुकान यांच्याकडे द्यावं लागलं असतं. ते चार दिवस उशिराने दिलं, एवढंच." मग त्यांनी जावयाकडे बोट केलं, ते मात्र बरोबर. "यांचं काम असलं कधीच नव्हतं. शिकाऊ होते तेव्हाही नव्हतं. माझ्यापेक्षा हात चांगला आहे यांचा."

बाईंना आपल्या पर्सचा पट्टा एकदम फार महत्त्वाचा वाटू लागला. हेडमास्तर भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागले.

माझ्यापेक्षा हात चांगला आहे. जावयाने हे वाक्य मनात किती प्रकारे ऐकलं होतं. जेवताना, सणासुदीला चारचौघांत, मामा आजारी पडून उशाशी बोलावून. आता ते खरंच आलं होतं, आणि ते घ्यायला हात पुढे करणं त्याला जमेना. मान वर करणंही जमेना. त्याने फडक्याची पुन्हा घडी घातली.

"मामा, मी..."

"पॅक करून द्या त्यांना. शाळा भरायची असेल."

त्याने पॅक करून दिलं. मामा उठले, एक हात पुढे धरून पडदा शोधला, सापडला, आत गेले. जावयाला धरायला जावंसं वाटलं. गेला नाही. धरलं असतं तर तेही काठी दिल्यासारखंच झालं असतं.

शेवटी

दुपारी क्लबात वाजवणारे एक गृहस्थ आले. जुना टेनर सॅक्सोफोन, मधल्या चाव्या अडकलेल्या, एका जागी सोल्डरचा हा गोळा. त्यांनी तो टेबलावर ठेवला आणि ते हसायच्या तयारीत उभे राहिले. इथे काय ऐकायला मिळतं ते त्यांना कुणीतरी सांगितलेलं दिसत होतं.

जावई बघत राहिला.

"बराच बिघडलाय का?" गृहस्थांनी मदत म्हणून विचारलं.

"बघतो."

आतली कात्री थांबली.

"जावईबापू," आतून आवाज आला, अगदी रोजच्यासारखा. "शिव्या घाला की. गिऱ्हाईक ताटकळलंय."

"हो मामा," जावई म्हणाला. "एक मिनिट."

आणि त्याने आधी एका पॅडच्या कडेला नख घातलं, हळूच उचललं, आणि मागे कुणाचा चेहरा तर नाही ना, ते वाकून पाहू लागला.